तंटा तोडणारे वकील : सार्वजनिक काका

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी चिंचोटी हे गाव आहे. पावसाळ्यात तेथील डोंगरातून धबधबा कोसळतो आणि ओढ्यांचे पाणी खालच्या सखल भागाकडे धाव घेते. समजा, अशा एखाद्या गावी पावसाच्या लोंढ्याने दोन भातशेतांमधला बांध वाहून गेला, आणि तो पुन्हा घालताना एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या बाजूची हातभर जागा अधिक घेतली. मग काय होते? पहिल्या दिवशी शब्दाने शब्द वाढतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांचा अबोला होतो. पुढे एक जण वकील गाठतो, म्हणून दुसराही गाठतो. दावा दाखल होतो, तारखांमागून तारखा पडतात आणि वर्षे लोटतात. अखेर निकाल लागतो, तेव्हा त्या हातभर जागेच्या किमतीहून कितीतरी अधिक पैसा दोघांच्याही पदरचा गेलेला असतो. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, शेते मात्र शेजारीच राहतात. आणि ज्यांनी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जायचे, ती माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे अशा अनुभवातूनच आली आहे. परंतु नुसती म्हण सांगून तंटा मिटत नाही. कोर्टाची पायरी चढायची नाही, तर न्याय मागायचा कोठे, या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी द्यावयास हवे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका वकिलाने ते उत्तर देण्याचा मनापासून प्रयत्न केला. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो मात्र सार्वजनिक काका या नावाने.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. त्या वेळी साताऱ्यास छत्रपतींची गादी होती. परंतु पेशवाई संपून दहा वर्षे झाली होती आणि देशावर इंग्रजांचा अंमल बसत चालला होता. तरुणपणी ते पोटापाण्याच्या शोधात पुण्यास आले. आरंभी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे कायद्याचा अभ्यास करून ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुण्यात वकिली करू लागले. बुद्धी तल्लख, बोलणे स्पष्ट आणि कष्ट करण्याची तयारी पुरेपूर. त्यामुळे या व्यवसायात त्यांचा चांगला जम बसला. त्यांनी केवळ स्वतःचा संसार पाहावयाचा असे ठरविले असते, तर ते सुखासमाधानाने राहू शकले असते. परंतु आपल्या दाराशी येणाऱ्या पक्षकाराच्या कागदांबरोबर त्याचे दुःखही त्यांच्या नजरेस पडत असे.

त्या काळी कोर्टात जाणे गरिबाला किती जड जाई, याची कल्पना आज येणे कठीण आहे. दावा लावायचा म्हणजे आधी दाव्याच्या रकमेच्या मानाने मुद्रांकाचा, म्हणजे स्टँपाचा, खर्च करावा लागे. मग वकिलाची फी. कोर्ट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथवर पायी किंवा बैलगाडीने जावयाचे, साक्षीदारांनाही बरोबर न्यावयाचे, आणि पेरणीचे वा कापणीचे दिवस असले तरी नेमलेली तारीख चुकवावयाची नाही. अनेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नसे. कर्जाच्या रोख्यावर आपण कशाखाली अंगठा उठविला, हेही त्यांना ठाऊक नसे. पुष्कळ वेळा प्रतिवादी शेतकरी कोर्टात हजरच होत नसे, आणि सावकाराच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामा होई. मग जमिनीवर जप्ती येई, तिचा लिलाव होई, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेती दुसऱ्याच्या नावावर चढे.

कायद्यातील एका तरतुदीने तर दुखण्यात भरच पडली. कर्जाच्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत १८५९ च्या कायद्याने तीन वर्षांची ठरविली. हेतू असा की, जुनी-पुराणी कर्जे उकरून काढून कोणी कोणाला छळू नये. परंतु घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून टाकी. अशा रीतीने थोडे कर्ज काही वर्षांत डोंगराएवढे होई.

लोकांच्या वतीने बोलण्याची पहिली मोठी संधी काकांना मिळाली, ती पर्वती देवस्थानाच्या प्रकरणात. या देवस्थानाची व्यवस्था पाहणाऱ्या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यातील लोकांच्या तक्रारी होत्या. परंतु तक्रार करणारे हे खरोखर लोकांचे प्रतिनिधी आहेत कशावरून, असा प्रश्न उभा राहिला. वकिलाने पक्षकाराच्या वतीने बोलावयाचे, तर त्याच्यापाशी वकीलपत्र असावे लागते. मग साऱ्या जनतेच्या वतीने बोलणाऱ्यापाशी जनतेचे वकीलपत्र का असू नये? या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिच्या ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांकडून रीतसर सह्यांची मुखत्यारपत्रे मिळविली होती. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सभेचे पहिले अध्यक्ष झाले. पण सभेचा प्राण होते काका. सभेच्या कामात ते इतके बुडून गेले की, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि काकांना त्यांच्या विद्वत्तेची जोड मिळाली.

शेतकऱ्यांची खरी स्थिती काय आहे, याची चौकशी सभेने हाती घेतली. गावोगावची माहिती गोळा झाली, आणि कर्ज, सारा व कोर्टकचेऱ्या यांनी खेडी कशी पोखरली आहेत हे उघड झाले. लवकरच साऱ्या देशाला ते दिसून आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि पाहता पाहता तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, तो कागदांवर होता. त्यांनी सावकारांपाशी असलेले रोखे व खतपत्रे मागून घेऊन जाळली. ज्या कागदाच्या बळावर कोर्टात आपला घात होतो, तो कागदच नाहीसा करावा, एवढेच त्या गांजलेल्या माणसांना सुचले. परंतु कागद जाळल्याने तंटा मिटत नाही. उलट जाळणाऱ्यालाच तुरुंगात जावे लागते. तंटा मिटविण्याचा दुसरा, शांततेचा मार्ग दाखविणे आवश्यक होते.

तो मार्ग काकांना आपल्याच देशाच्या जुन्या रिवाजात सापडला. मराठ्यांच्या राज्यात गावचा तंटा बहुधा पंचांपुढे तुटत असे. वादी व प्रतिवादी यांच्याकडून आधी राजीनामा लिहून घेत. येथे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र नव्हे. पंच जो निवाडा करतील तो आम्ही राजीखुशीने मान्य करू, असे ते संमतिपत्र असे. त्याबरोबर दोघांना जामीनही द्यावे लागत. मग पंच साक्षी-पुरावे पाहून निर्णय देत. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली दक्षिणेचा कारभार एल्फिन्स्टनसाहेबाच्या हाती आला. त्यानेही ही पद्धत काही काळ चालू ठेवली. पुढे इंग्रजी धर्तीची न्यायालये सर्वत्र सुरू झाली आणि पंचायत मागे पडली. जुन्या पंचायतीत सारेच चांगले होते, असे मात्र समजू नये. स्त्रियांना आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील लोकांना तेथे बरोबरीने कोणी ऐकत नसे. म्हणून जुन्या पद्धतीतील चांगले तेवढे घेऊन त्याला नव्या कायद्याचा आधार देणे, हेच शहाणपणाचे होते.

असा आधार कायद्यातच होता. १८५९ च्या दिवाणी कायद्यात लवादाची तरतूद होती. लवाद म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. दोन माणसांत तंटा झाला असता तिसरा माणूस दोघांची समजूत घालतो व दोघांना पटेल अशी तोड सुचवितो, तेव्हा त्याला मध्यस्थ म्हणतात. मध्यस्थाचे म्हणणे ऐकणे न ऐकणे दोघांच्या मर्जीवर असते. लवादाचे तसे नाही. आमचा तंटा अमुक पंचांनी तोडावा आणि त्यांचा निवाडा आम्हांस बंधनकारक राहील, असे दोन्ही पक्ष आधीच लिहून देतात. मग तो निवाडा कोर्टात दाखल करता येतो, आणि कोर्टाने तो मान्य केला की त्याला हुकूमनाम्याचे बळ येते. म्हणजे न्यायाधीश आपण निवडावयाचा. निवाडा पाळावयाचा तो मात्र सरकारी न्यायाधीशाने दिल्याप्रमाणेच.

१८७६ च्या सुमारास काकांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले. या कामी रानड्यांचा त्यांना मोठा पाठिंबा होता. हे न्यायालय सरकारने नेमलेले नव्हते, लोकांनी लोकांसाठी काढलेले होते. देणेघेणे, वाटणी, घराची भिंत, शेताचा बांध, असे दिवाणी स्वरूपाचे तंटे आपल्याच भाषेत, आपल्या विश्वासाच्या माणसांपुढे मांडावेत आणि थोड्या खर्चात व थोड्या दिवसांत मिटवावेत, असा त्यामागचा हेतू होता. चोरी, मारामारी, खून यांसारखे गुन्हे अर्थातच लवादापुढे जाऊ शकत नसत. कारण गुन्हा हा केवळ दोन माणसांतला वाद नसून त्याचा संबंध साऱ्या समाजाच्या सुरक्षिततेशी असतो. पुण्याचे पाहून इतर काही गावांतूनही लवाद कोर्टांची चळवळ सुरू झाली.

काकांच्या या कार्यातील मोठेपणा ध्यानात येण्यासाठी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. वकिलाची मिळकत तंट्यांवर चालते. जितके दावे अधिक, तितकी फी अधिक. आणि दावा जितका लांबेल, तितके पक्षकाराचे हेलपाटे अधिक. जो तंटा लवादापुढे मिटला, तो वकिलाच्या हातून गेला. वैद्याने गावात रोगराईच होऊ नये म्हणून झटावे, तसाच हा प्रकार. काका स्वतः वकील होते, या व्यवसायावरच त्यांचे घर चालत होते; तरीही लोकांना कोर्टापासून दूर ठेवणारी संस्था उभी करण्यासाठी त्यांनी आपली शक्ती वेचली. आपल्या विद्येचा उपयोग लोकांच्या भांडणावर मोठे होण्यासाठी न करता भांडणे कमी करण्यासाठी करावा, हा त्यांचा निश्चय होता.

हे काम सोपे नव्हते. लवाद दोघांच्या संमतीवर उभा असतो. एक पक्ष तयार आणि दुसरा नाही, असे झाले की सारे खुंटते. बलवान पक्षाला तर कोर्टातला विलंबच सोयीचा असतो. मग तो लवादाकडे कशाला येईल? शिवाय लोकांनी आपली न्यायालये आपण चालवावीत, हे इंग्रज अधिकाऱ्यांना फारसे रुचणारे नव्हते. सार्वजनिक सभेकडेच ते संशयाने पाहू लागले होते. लवाद कोर्टांची ही चळवळ दीर्घकाळ टिकली नाही. परंतु चांगला विचार एकदा लोकांच्या मनात रुजला की तो वाया जात नाही. सुप्याच्या उठावानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात गावमुनसफांची आणि समेट घडविणाऱ्या सलोखेदारांची योजना होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी आधी सलोख्याचा प्रयत्न झाला पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने प्रत्यक्ष कायद्यातच आले. पुढे या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती रानडे यांनीही काम केले.

काकांचे कार्य एवढ्यावरच थांबत नाही. परदेशी मालामुळे देशातील कारागीर उपाशी मरत आहेत, हे ओळखून त्यांनी १८७२ साली देशी वस्तू वापरण्याचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले. ते स्वतः सूत कातीत आणि खादीचे जाडेभरडे कपडे अंगावर घालीत. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत झळकत असताना सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका तेथे गेले, ते आपल्या पांढऱ्या खादीच्या वेषात. याच सुमारास दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. सभेने गावोगावची माहिती मिळवून लोकांचे हाल सरकारपुढे मांडले. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही पुण्यात स्त्रीविचारवती सभा स्थापन करून स्त्रियांना एकत्र आणले.

जो माणूस समेटाची भाषा बोलतो, तो भित्रा असतो, असे काहींना वाटते. काकांच्या आयुष्यातील एक प्रसंग हा समज खोटा ठरवितो. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रज सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल पकडण्यात आले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. सरकारचा रोष ओढवेल या भीतीने त्यांचे वकीलपत्र घेण्यास सहसा कोणी धजेना. आधीच सरकारच्या डोळ्यांत सलत असलेले काका मात्र पुढे झाले. आरोपी कोणीही असो, त्याची बाजू न्यायासनापुढे मांडली गेलीच पाहिजे, हा वकिलाचा धर्म त्यांनी पाळला. फडके यांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि त्यांना एडनला पाठविण्यात आले. काकांना यश आले नाही. परंतु त्या दिवशी त्यांनी दाखविलेले धैर्य महाराष्ट्र विसरलेला नाही. जेथे दोन शेजाऱ्यांचा तंटा होता, तेथे काका समेट घडवीत. आणि जेथे एका माणसाच्या प्राणांचा प्रश्न होता, तेथे ते कोर्टात निर्भयपणे उभे राहत. समेट कोठे करावा आणि झुंज कोठे द्यावी, याचा विवेक त्यांच्यापाशी होता.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २५ जुलै १८८० रोजी, सार्वजनिक काकांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

काकांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी एक तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत एका व्यापाऱ्याचा खटला चालविण्यास गेला. ते होते मोहनदास करमचंद गांधी. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोन नातलग व्यापाऱ्यांमधला हा दावा मोठ्या रकमेचा होता. खटला असाच चालला तर दोघेही धुळीस मिळतील, हे पाहून गांधीजींनी दोघांना लवाद मान्य करावयास लावला. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने झाला. परंतु सारी रक्कम एकदम भरावी लागली असती, तर तय्यब शेठांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधीजींनी आपल्याच पक्षकाराला सबुरीने घेण्यास आणि लांब मुदतीचे हप्ते देण्यास राजी केले. दुभंगलेली मने जोडणे हेच वकिलाचे खरे काम होय, हा धडा त्यांना येथे मिळाला. जिंकलेल्यालाही थोडे सोडावे लागते, तेव्हाच तंटा खऱ्या अर्थाने मिटतो.

आज काळ बदलला आहे. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना अधिकार मिळाले. तेथे तडजोडीने मिटलेल्या तंट्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते. महाराष्ट्रात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. १९९६ साली लवादाचा नवा कायदा झाला आणि २०२३ साली मध्यस्थीसाठी स्वतंत्र कायदाही झाला. ज्या गोष्टीसाठी काकांना एकाकी झटावे लागले, ती आता देशाच्या कायद्याने आपलीशी केली आहे.

परंतु कायदा झाला तरी समेटासाठी माणसाचे मन तयार असावे लागते. ते कोणत्याही कायद्याला घडविता येत नाही. चिंचोटीच्या त्या दोन शेतकऱ्यांकडे आपण पुन्हा वळू. पाऊस ओसरला आहे, ओढा शांत झाला आहे. दोघांनी विश्वासाची दोन-चार माणसे बोलावली, जुना नकाशा पुढे ठेवला, मोजणी केली आणि बांध सरळ घातला, तर तेवढ्या एका दिवसात शेतही वाचेल आणि शेजारही वाचेल. असा बांध जेथे जेथे घातला जातो, तेथे तेथे सार्वजनिक काकांचे काम पुढे चालू आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वाध्याय

१. त्या काळी गरीब शेतकऱ्याला कोर्टात जाणे का जड जात असे?

२. सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे व खतपत्रे का जाळली? त्यांचा मार्ग तुम्हांला योग्य वाटतो काय? कारणे द्या.

३. मध्यस्थ आणि लवाद यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

४. लवाद कोर्ट काढण्यात सार्वजनिक काकांचा कोणता स्वार्थत्याग दिसून येतो?

५. समेटाची भाषा बोलणारा माणूस भित्रा नसतो, हे पाठातील कोणत्या प्रसंगावरून दिसते?

६. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : तंटा तोडणे, जम बसणे, डोळ्यांत सलणे, सबुरीने घेणे.

७. तुमच्या गावात किंवा आळीत सामोपचाराने मिटलेल्या एखाद्या तंट्याची हकीकत वडीलधाऱ्यांना विचारा आणि कोणाचेही नाव न घेता दहा ओळींत लिहा.